ठासणीची बंदूक आणि गोळीचं वजन : अमेरिकेत हरणासाठी किती ग्रेनची गोळी घेतात, आणि का?

गेल्या पंधरवड्यात एक व्हिडिओ आपल्याकडच्या बऱ्याच ग्रुपवर फिरला. अमेरिकेतला शिकारी, अंगात भडक नारिंगी जाकीट, हातात काळी चकचकीत बंदूक. तो नळीच्या तोंडातून दारू ओततो, मग प्लास्टिकच्या वाटीत बसवलेली टोकदार गोळी गजाने खाली दाबतो. थोड्या वेळाने बार आणि समोरचं हरीण जागच्या जागी. खाली कुणीतरी लिहिलेलं, "300 ग्रेनची गोळी, म्हणून एका बारात."

त्यावरून मला चार फोन आले. तीन जणांना ही ठासणीचीच बंदूक आहे यावर विश्वास बसत नव्हता. चौथ्याने थेट विचारलं, "ही गोळी आपल्या बंदुकीक चलात काय रे?"

त्याला फोनवर दिलेलं उत्तर इथेही आधीच देतो. नाही चालणार, आणि तसा प्रयत्नही करू नये. का, ते पुढे येईलच. पण व्हिडिओखालचं ते वाक्य, जड गोळी म्हणजे हमखास काम, हेही अर्धवटच खरं आहे. आमच्या शेजारच्या वाडीतला एक जण बरीच वर्षं अमेरिकेत ओहायो राज्यात आहे. लहानपणी आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीला गज मारलेला माणूस, तिकडे जाऊन रीतसर परवाना काढून हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला जातो. त्याच्याशी दोन-तीन वेळा सविस्तर बोललो, थोडं वाचलं, हिशेब करून बघितला. त्यातून जे कळलं ते मांडतोय.

तिकडे शिकार चालते कशी?

आधी हे, कारण याशिवाय बाकीचं कळणार नाही. तिकडे ज्या हरणाबद्दल बोलणं चाललंय ते पांढऱ्या शेपटीचं हरीण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे ते काही लाखांवर आलं होतं. मग कायदे झाले, बंदी आली, आणि आज त्यांची संख्या कोट्यवधींच्या घरात आहे. मका आणि सोयाबीन खातं, रस्त्यावर गाड्यांना धडकतं. म्हणून प्रत्येक राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी किती हरणं मारायची, कुठल्या तारखांना, कुठल्या हत्याराने, ते ठरवून परवाने देतं. धनुष्यबाणाचा हंगाम वेगळा, साध्या बंदुकीचा वेगळा, आणि ठासणीच्या बंदुकीचा बऱ्याच राज्यांत वेगळा. ओहायोत ठासणीचा हंगाम जानेवारीच्या सुरुवातीला, चार दिवसांचा असतो. गर्दी कमी, थंडी मरणाची.

या वेगळ्या हंगामामुळेच ठासणीची बंदूक तिकडे जिवंत राहिली, नाहीतर कधीच संग्रहालयात गेली असती. लोकांना ते जादाचे दिवस हवे असतात. पण जुनी बंदूक म्हणजे कटकट. आपल्याला माहीत आहे, बाजूच्या निपलवर टोपी चढवायची, घोडा पडला की ठिणगी वळण घेऊन नळीत जाणार, दमट हवेत ती जाईलच असं नाही. पावसाळ्यात नुसता 'टिक' आवाज येऊन डुक्कर निघून गेल्याच्या गोष्टी आपल्याकडे घरोघरी आहेत.

मिसुरी राज्यातल्या टोनी नाइट नावाच्या बंदूक कारागिराने 1985 मध्ये एमके-85 नावाची बंदूक आणली. तिच्यात ठिणगी देणारी टोपी दारूच्या बरोबर मागे, नळीच्याच रेषेत बसवली. म्हणून तिला 'इनलाइन' म्हणतात. आग सरळ रेषेत दारूत जाते. त्याआधीही कुणी कुणी असे प्रयोग केले होते, पण खपली ती ही. पुढे टोपीच्या जागी काडतुसात वापरतात तसला मोठा प्रायमर आला, मागचा बूच आटे फिरवून काढता येऊ लागला, त्यामुळे नळी आरपार धुता येते. वर दुर्बीण बसते. भरायची मात्र तोंडातूनच आणि बार एकच. दुसरा भरायला अर्धं मिनिट तरी लागणार, तोवर हरीण कुठल्या कुठे. म्हणून त्या एका गोळीवर तिकडची माणसं एवढा विचार करतात.

ग्रेन म्हणजे किती?

ग्रेन हे जुनं इंग्रजी वजन, म्हणजे धान्याचा दाणा. एका पौंडात 7000 ग्रेन. ग्रॅममध्ये सांगायचं तर साडेपंधरा ग्रेनला जवळपास एक ग्रॅम. पण आपल्याला याहून सोपं माप आहे. 1833 मध्ये कंपनी सरकारने तोळ्याचं वजन कायम केलं ते 180 ग्रेन. सोनाराकडचा जुना तोळा, 11.66 ग्रॅमचा, तो म्हणजे बरोबर 180 ग्रेन. त्यामुळे 270 ग्रेनची गोळी म्हणजे दीड तोळा. 250 ग्रेनची 16.2 ग्रॅम, 300 ग्रेनची 19.4 ग्रॅम. व्हिडिओतली 300 ग्रेन ऐकायला मोठी वाटली तरी ती पावणेदोन तोळ्यांहून कमीच.

इथे एक घोटाळा होतो. दारूसुद्धा ग्रेनमध्येच सांगतात. "100 ग्रेनवर 250 ग्रेन" असं कुणी म्हणालं तर पहिला आकडा दारूचा, दुसरा गोळीचा. त्यातही दारूचा ग्रेन तराजूवरचा नसतो, मापट्याचा असतो. काळ्या दारूचं 100 ग्रेनचं जे मापटं, त्यात पायरोडेक्ससारखी बदली दारू भरली तर प्रत्यक्ष वजन कमी भरतं, आणि तसंच भरायचं असतं. तराजूवर 100 ग्रेन तोलून भरली तर जास्त झाली. आणि काडतुसातली बिनधुराची दारू तर ठासणीच्या बंदुकीत घालायचीच नाही. खास तिच्यासाठी बनवलेल्या मोजक्या बंदुका सोडल्या तर नळी फुटते, आणि ती तोंडाजवळ फुटते.

वजन वाढवायचं तर लांबी वाढते

तिकडे सगळ्यात जास्त चालणारी इनलाइन बंदूक .50 कॅलिबरची, म्हणजे नळीचं भोक अर्धा इंच. त्यात शिशाची जुन्या पद्धतीची गोल गोळी घालायची तर ती कापडाच्या तुकड्यात गुंडाळून बसवतात, म्हणून व्यास थोडा कमी, .490 इंच. तिचं वजन भरतं साधारण 177 ग्रेन. तोळ्याला तीन ग्रेन कमी.

आता याच नळीत याहून जड गोल गोळी घालता येत नाही. भोक ठरलं, गोल आकार ठरला, शिसं ठरलं, की वजनही ठरलं. वजन वाढवायचं तर एकच रस्ता, गोळी लांब करायची. आवळ्याचा मुळा करायचा. नळीच्या पूर्ण जाडीची लांब शिशाची गोळी केली तर ती 350-400 ग्रेनच्या पुढे सहज जाते. मधला मार्ग म्हणजे व्हिडिओत दिसली ती. .45 कॅलिबरची गोळी घ्यायची आणि प्लास्टिकच्या वाटीत बसवून .50 च्या नळीत घालायची. त्या वाटीला सॅबो म्हणतात. बाहेर पडल्यावर वाटी गळून पडते, गोळी पुढे जाते. या प्रकारात 200 पासून 300 ग्रेनपर्यंत सगळी वजनं मिळतात. 250 आणि 300 ही दोन जास्त खपतात.

पण लांब गोळीची एक अट आहे. ती फिरली पाहिजे. नळीच्या आत पिळाचे आटे असतात, त्यातून जाताना गोळी स्वतःभोवती फिरते आणि भोवऱ्यासारखी सरळ राहते. गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट हवा. ब्रिटिश गणिती ग्रीनहिल यांनी 1879 मध्ये याचं सूत्रच मांडलं होतं. त्यात बघायचं ते गोळीच्या लांबीकडे, वजन आपोआप मागून येतं. गोल गोळीच्या जुन्या बंदुकांत 48 ते 66 इंचांत एक फेरा एवढा सैल पीळ असतो. आजच्या बहुतेक .50 इनलाइनमध्ये 28 इंचांत एक फेरा. म्हणजे सैल पिळाच्या बंदुकीत 300 ग्रेनची लांब गोळी घातली तर ती हवेत डुलत, तिरकी जाऊन कुठे लागेल ते सांगता येत नाही. वजनाचा विचार करताना पहिला प्रश्न हा. ओहायोवाल्याने मला पहिल्यांदा विचारलं तेही हेच, तुझ्या बंदुकीचा पीळ किती?

मी म्हटलं, आमच्याकडच्या बंदुकीला पीळच नाही. तो हसायला लागला.

मग जड गोळी जोरात लागते की नाही?

इथे हिशेब केला. समजा 250 ग्रेनची गोळी नळीतून 1800 फूट दर सेकंदाने निघाली. आणि 300 ग्रेनची, दारू तेवढीच ठेवली म्हणून थोडी हळू, 1650 फुटांनी निघाली. हे आकडे अशा बंदुकीच्या नेहमीच्या पट्ट्यातले आहेत. ऊर्जा म्हणजे अर्धं वजन गुणिले वेगाचा वर्ग. पहिलीची येते साधारण 2440 ज्यूल, दुसरीची 2460. म्हणजे एकच! तीन ग्रॅम वजन वाढवलं, पण वेग घटला आणि वेगाचा वर्ग होतो म्हणून सगळं तिथल्या तिथे.

फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक, खांद्याला. धक्का वेगाच्या वर्गाने जात नाही, तो साध्या वजन गुणिले वेगाने जातो. नुसत्या गोळीपुरतं बघितलं तर 300 वालीचा रेटा दहा टक्क्यांनी जास्त. हलक्या बंदुकीत तो जाणवतो. आणि ज्याला एकदा खांदा दुखला तो पुढच्या वेळी चाप ओढताना डोळे मिटतो. मग गोळी 250 ची असो की 400 ची, ती हरणाला लागत नाही, किंवा लागते तर नको तिथे.

दुसरा फरक, लांबवर गोळी किती खाली येते त्यात. शंभर यार्डांवर, म्हणजे 91 मीटरवर, बरोबर लागेल अशी दुर्बीण जमवली, तर दीडशे यार्डांवर 250 वाली साधारण पाच-साडेपाच इंच खाली लागते, 300 वाली साडेसहाच्या आसपास. एका इंचाचा प्रश्न. हरणाच्या छातीतली हृदय-फुप्फुसाची जागा साधारण आठ इंचांची, आपल्या नाश्त्याच्या ताटलीएवढी. एका इंचाने काही बिघडत नाही. पण दोनशे यार्डांवर दोन्ही गोळ्या फुटाच्याही खाली जातात, आणि तिथे अंतराचा अंदाज वीस यार्डांनी चुकला तर संपलं. ओहायो, पेनसिल्वेनियाच्या झाडीत बहुतेक बार शंभर यार्डांच्या आतच पडतात. त्यामुळे तिथल्या माणसाला या वादाची खरं तर फारशी गरज नाही, पण वाद तिथेच जास्त चालतात. आपल्याकडे खताच्या ब्रँडवरून चालतात तसे.

तिकडे एक ठोकताळाही सांगतात, हरणाला गोळी लागताना निदान 1000 फूट-पौंड ऊर्जा हवी. ज्यूलमध्ये सुमारे 1350. हा ठोकताळा पाळायला वाईट नाही, पण तो कायदा समजू नये. गोल गोळीची हवेत फार लवकर दमछाक होते, शंभर यार्डांवर तिची निम्म्याहून जास्त ऊर्जा गेलेली असते, ती या ठोकताळ्यात बसत नाही. तरी त्याच गोल गोळीने अमेरिकेतल्या वसाहतकऱ्यांनी शेकडो वर्षं हरणं मारली. जवळून मारली, योग्य जागी मारली.

जड गोळीचा खरा फायदा कुठे?

फायदा नाही असं नाही. तो आत शिरण्यात आहे. जाडी तीच आणि वजन जास्त, म्हणजे मागून रेटणारं जास्त. खांद्याचं हाड फोडून ती आरपार जाण्याची शक्यता वाढते. आरपार गेली की दोन भोकं पडतात, आणि हरीण पन्नास-साठ पावलं पळालं तरी जमिनीवर रक्ताचा माग राहतो. हे महत्त्वाचं आहे, कारण फुप्फुसात गोळी बसलेलं हरीणही बहुतेक वेळा लगेच पडत नाही, थोडं पळतं. माग नसेल तर संध्याकाळच्या अंधारात झाडीत ते सापडत नाही. मरतं, पण कुणाच्याच कामी येत नाही. तिकडच्या चांगल्या शिकाऱ्याला सगळ्यात जास्त लाज याची वाटते. ओहायोवाल्याचं पहिल्या वर्षी एक हरीण असंच गेलं. दोन दिवस शोधलं, नाही मिळालं. ते सांगताना तो अजून गप्प होतो.

मात्र आत शिरणं नुसत्या वजनावर नसतं, गोळी कशाची केली आहे त्यावरही असतं. नुसतं शिसं मऊ, लागलं की पसरतं. पिस्तुलासाठी बनवलेली 180-200 ग्रेनची पातळ तांब्याच्या वेष्टनाची गोळी सॅबोत घालून भरपूर दारूवर जोरात सोडली तर जवळच्या हाडावर तिचे तुकडे होऊ शकतात, कारण तेवढ्या वेगासाठी ती बनवलेलीच नसते. मांस खराब होतं आणि खोल जात नाही. उलट फार जड, फार टणक गोळी हळू गेली तर ती पसरतच नाही, पेन्सिलीएवढं भोक पाडून निघून जाते. हरीण अंगाने लहान. मोठा नर शंभर किलोच्या आसपास, मादी त्याहून कमी. तेवढ्या अंगात गोळीला पसरायला जागाच थोडी असते. म्हणून हरणासाठी 400 ग्रेनची गरज नाही. वापिती, ज्याला ते एल्क म्हणतात, तो तीनशे किलो आणि पुढे. त्याच्यासाठी लोक 300 च्या वर, 350 पर्यंत जातात आणि ते बरोबरच आहे.

सगळी गोळी तांब्याचीच असेल तर गणित आणखी बदलतं. तांबं शिशापेक्षा हलकं. म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होते, आणि लांबी म्हटलं की पुन्हा पीळ आला. पण तांबं फुटत नाही, वजन टिकवून आत जातं. त्यामुळे शिशाच्या 300 चं काम तांब्याची 250 करते असं तिकडे मानतात. कॅलिफोर्नियात तर पर्यायच नाही. 1 जुलै 2019 पासून त्या राज्यात कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. कारण शिकाऱ्याने मागे टाकलेल्या आतड्यांत शिशाचे कण राहतात, ती कॉन्डोर गिधाडं खातात आणि विषबाधेने मरतात. आपली गिधाडं जनावरांच्या औषधाने गेली, त्यांची शिशाने जात होती.

राज्याचा कायदा गोळीचं वजनही ठरवतो. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात सॅबोची वाटी चालत नाही, दारूच्या तयार वड्याही चालत नाहीत. हरणासाठी कॅलिबर निदान .40 हवं, .40 ते .50 पर्यंत गोळी किमान 170 ग्रेनची, आणि .50 च्या वर गेलात तर किमान 210. वाटी नाही म्हणजे नळीच्या पूर्ण जाडीचीच गोळी आली, ती आपोआप जड होते. म्हणजे ओहायोतला माणूस 250 घेतो आणि कोलोरॅडोतला 350 घेतो, त्यात कुणी शहाणा आणि कुणी मूर्ख नाही. दोघांचे कायदे आणि रान वेगळं.

शेवटी ठरवतात कसं?

पाठ्यपुस्तकी उत्तर असं, .50 ची इनलाइन, 28 इंची पीळ, पांढऱ्या शेपटीचं हरीण, दीडशे यार्डांच्या आत, तर 240 ते 300 ग्रेन. नवीन माणसाने 250 पासून सुरुवात करावी. पण प्रत्यक्षात बंदूक ठरवते. एकाच कारखान्यातल्या, एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांना एकच गोळी आवडेल असं नाही. दोन बैल एका जोखडाला सारखे चालत नाहीत, तसंच.

म्हणून हंगामाच्या दोन महिने आधी माणूस दोन-तीन वजनांची पाकिटं आणतो. दारू 100 ग्रेनवर कायम ठेवतो. तीन बार एका गोळीचे, कागदाच्या लक्ष्यावर, आधी पन्नास यार्डांवरून, मग शंभर. प्रत्येक बारानंतर ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने नळी पुसायची, कारण दारूची काजळी साठली की पुढची गोळी घट्ट जाते आणि निकाल बदलतो. तीन भोकं किती जवळ पडली ते मोजायचं. मग गोळी बदलायची, दारू तीच. गोळी पसंत पडली की दारू पाच-दहा ग्रेनने वरखाली करून बघायची, बंदूक बनवणाऱ्याने सांगितलेल्या हद्दीच्या आत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन्ही एकदम बदलल्या तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही. खत आणि बियाणं एकाच वर्षी बदलणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

बऱ्याच बंदुका 150 ग्रेन दारू, म्हणजे 50 च्या तीन वड्या, झेलतात असं त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. नवखे तिथूनच सुरुवात करतात. धूर भरपूर, धक्का भरपूर, भोकं कागदभर. जुनी माणसं 100 च्या आसपासच राहतात.

आणि एक खूण, जी मला सगळ्यात आवडली. पसंत पडलेली दारू आणि गोळी पूर्ण खाली बसल्यावर गज नळीच्या तोंडाशी जिथे येतो तिथे गजावर रेघ मारून ठेवतात. पुढे प्रत्येक वेळी गज त्या रेघेपर्यंत गेला की समजायचं, गोळी दारूला टेकली. रेघ वर राहिली तर मधे पोकळी आहे किंवा चुकून दोनदा भरलंय. पोकळी राहून बार केला तर नळी फुगते किंवा फुटते. गोळी जितकी जड तितका हा धोका वाढतो, कारण जड वस्तू जागची हलायला वेळ घेते आणि तोवर मागे दाब चढत राहतो.

आपल्याकडे का नाही

आता त्या चौथ्या फोनकडे. आपल्याकडची परवान्याची ठासणीची बंदूक बहुतेक सपाट नळीची, आत आटे नाहीत. सॅबोची वाटी पिळाशिवाय कामाची नाही आणि लांब गोळी तिच्यातून कोलांट्या खात जाईल. छर्रे आणि गोल गोळी यासाठीच ती नळी. दुसरं, नळीचं वय. आजोबांच्या काळातली, कितीदा गंज धरलेली आणि पुसलेली, निपलचे आटे झिजलेले, आतून किती पातळ झाली ते कुणी मोजलेलं नाही. मागे दाब वाढवणारी पावणेदोन तोळ्यांची गोळी तिच्यात ठासायची म्हणजे स्वतःच्या बोटांशी खेळ. व्हिडिओतल्या बंदुकीची नळी आजच्या पोलादाची, कारखान्यात दाबाखाली तपासून काढलेली. दोघींचं नाव एक असलं तरी जात वेगळी.

तिसरं, परवाना कशाचा ते आपण विसरतो. तो पीक संरक्षणाचा आहे. निवडणूक लागली की तीच बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला आपण रांगेत उभे असतो, तेव्हा परवान्यावरचं वाचायला वेळ भरपूर मिळतो. सांबर, भेकर, पिसोरी यातलं काहीही मारणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग गोळी किती का ग्रेनची असेना. शेतात रानडुक्कर आलं तरी वनखात्याची परवानगी लागतेच. तिकडे हरीण मारायला परवाना मिळतो तो मोजून, आणि मारलेलं प्रत्येक हरीण खात्याकडे नोंदवावं लागतं. ती व्यवस्था इथे नाही. ती असावी की नसावी, हा वाद पुन्हा कधीतरी. भात आणि काजूचं नुकसान सोसणाऱ्या माणसाला त्यावर बोलायचा हक्क आहे, एवढं मी म्हणेन.

ओहायोवाल्याने यंदा डिसेंबरात 250 आणि 300 दोन्ही वजनं तपासली. त्याने कागदांचे फोटो पाठवले. 300 ची तीन भोकं पाच इंचांत विखुरलेली, 250 ची दोन इंचांत. दारू तीच, माणूस तोच, सकाळ तीच. 300 चं पाकीट त्याने शेजाऱ्याला देऊन टाकलं. शेजाऱ्याची बंदूक वेगळ्या कंपनीची आहे, तिच्यातून तीच गोळी दीड इंचात बसली म्हणे.